मराठवाड्यातील परकीय भाषा-अध्यापन आणि तंत्रसाधने : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
परकीय भाषेच्या अध्यापनातील यंत्रांचा वापर संगणकापासून सुरू झाला, असा सर्वसाधारण समज आढळतो. वस्तुतः ध्वनिमुद्रिकांवरून भाषा शिकविण्याचे प्रयत्न विसाव्या शतकाच्या आरंभीच झाले होते आणि बी.बी.सी.चे इंग्रजीचे नभोवाणी पाठ १९४३ मध्ये सुरू झाले. प्रस्तुत लेखात या इतिहासाकडे जालना जिल्ह्यातील धावडा (ता. भोकरदन) यांसारख्या खेड्याच्या बाजूने पाहिले आहे. यंत्र कोठे निघाले यापेक्षा ते कोठवर पोहोचले, हा प्रश्न मराठवाड्याच्या संदर्भात अधिक महत्त्वाचा ठरतो.

पार्श्वभूमी :
हा प्रदेश सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे शिक्षणमाध्यम उर्दू होते, तर इंग्रजी हा सक्तीचा विषय होता. म्हणजे मराठी घरातील विद्यार्थ्याला उच्च शिक्षणापर्यंत जाण्यासाठी दोन भाषांचे उंबरठे ओलांडावे लागत. मराठी मुलखात इंग्रजीसाठी तर्खडकरांची भाषांतर पाठमाला पिढ्यानपिढ्या वापरली गेली. तिच्या आधारे इंग्रजी वाचता येई. कानावर मात्र ती क्वचितच पडे.

१९५८ आणि भाषा प्रयोगशाळा :
१९५८ हे वर्ष या दृष्टीने लक्षणीय आहे. स्पुतनिकच्या धक्क्यानंतर अमेरिकेने त्या वर्षी राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायदा केला आणि त्याच्या निधीतून शाळाशाळांत टेपरेकॉर्डरच्या भाषा प्रयोगशाळा उभ्या राहिल्या. त्याच वर्षी हैदराबादेत केंद्रीय इंग्रजी संस्था आणि औरंगाबादेत मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. भाषा ही सवय आहे, वाक्य ऐकून पुनःपुन्हा उच्चारले की ते अंगवळणी पडते, ही त्या प्रयोगशाळांमागील धारणा होती. १९५९ मध्ये नोम चॉम्स्की यांनी स्किनर यांच्या वर्तनवादी भाषाविचारावर केलेल्या टीकेने या धारणेचा पाया हलविला. पुढे पेनसिल्व्हेनियातील शाळांत झालेल्या व्यापक पाहणीत प्रयोगशाळेमुळे विद्यार्थ्यांच्या प्रगतीत विशेष फरक पडत नसल्याचे आढळले. कारण उघड आहे. ध्वनिफीत बोलते, परंतु विद्यार्थ्याचे चुकलेले वाक्य तिला ऐकू येत नाही. आपल्याकडे शासकीय अनुदानातून प्रयोगशाळा उभारताना हा अनुभव पुरेसा विचारात घेतला गेला नाही, असे म्हणावे लागते.

खेड्यापर्यंतचे अंतर :
उपग्रहाद्वारे खेड्यांत दूरचित्रवाणी नेणारा ‘साइट’ प्रकल्प ऑगस्ट १९७५ ते जुलै १९७६ या काळात सहा राज्यांतील सुमारे २,४०० गावांत राबविला गेला. आंध्र प्रदेश, कर्नाटक आणि मध्य प्रदेश ही शेजारची राज्ये त्यात होती, महाराष्ट्र नव्हता. महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी शिकविण्याचा निर्णय २००० साली अमलात आला. त्यापूर्वी मराठी शाळेतील मुलाची इंग्रजीशी ओळख पाचवीत होई. निर्णय झाला, तरी इंग्रजी ऐकविणारे साधन बहुतेक वर्गांत नव्हते आणि शिक्षकाचे स्वतःचे इंग्रजीही पुस्तकातूनच आलेले होते. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. २०१७ नंतर पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड छापले जाऊ लागले. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या शाळेत रणजितसिंह डिसले यांनी तो उपयोग आधीच करून दाखविला होता.

गाडीवाटचा प्रयोग :
या पार्श्वभूमीवर औरंगाबादपासून (आताचे छत्रपती संभाजीनगर) सुमारे २५ कि.मी. अंतरावरील गाडीवाट येथील जिल्हा परिषद शाळेचा प्रयोग विशेष दखल घेण्याजोगा आहे. १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा निर्माण होईपर्यंत धावडा आणि गाडीवाट एकाच जिल्ह्यात होते. गाडीवाटच्या शाळेने सप्टेंबर २०१९ मध्ये चौथी ते आठवीच्या विद्यार्थ्यांना परकीय भाषा निवडण्यास सांगितले. यंत्रमानवाविषयीच्या कुतूहलातून बहुतेकांनी जपानी निवडली. आजवर भाषा वरून ठरत आली होती. येथे ती मुलांनी ठरविली. ना पाठ्यपुस्तक होते, ना जाणकार शिक्षक. सुरुवात आंतरजालावरील चित्रफिती आणि भाषांतराच्या अ‍ॅपवर झाली. पुढे औरंगाबादमधील एका जाणकाराने स्वतःहून संपर्क साधला आणि जुलै २०२० पासून, टाळेबंदीमुळे शाळा बंद असताना, ऑनलाइन पद्धतीने विनामूल्य तासिका घेतल्या. ध्वनिफितीला जे जमत नव्हते ते येथे साधले. चूक ऐकणारा माणूस पडद्यापलीकडे होता.

जपानी वाक्यातही मराठीप्रमाणे क्रियापद शेवटी येते, ही बाब या मुलांच्या सोयीची होती. हिरागाना व काताकाना या लिप्यांच्या प्रत्येकी ४६ मूलचिन्हांचा प्रचलित क्रम बौद्ध पंडितांमार्फत जपानमध्ये पोहोचलेल्या संस्कृत वर्णमालेच्या प्रभावातून आला, असे अभ्यासक मानतात. ‘अ, इ, उ, ए, ओ’ आणि मग ‘क’ची ओळ, हा क्रम मराठी मुलाला फारसा परका वाटण्याचे कारण नाही.

सुमारे ३५० विद्यार्थ्यांच्या या शाळेत २०२० मध्ये ७० जण जपानी शिकत होते. अनेकांच्या घरी स्मार्टफोन नव्हता. त्यावर शाळेने ‘विषयमित्र’ ही योजना अवलंबिली : ज्याच्याकडे फोन होता त्याने तास ऐकायचा आणि शिकलेले शेजारच्या सोबत्यांना शिकवायचे.