आधी व्यायाम, मग शस्त्रक्रिया: शिकागो ते गडचिरोली

१/ गुडघ्याचे लिगामेंट, म्हणजे अस्थिबंध, तुटले की मांडीचा पुढचा स्नायू झपाट्याने रोडावतो. तो अशक्तच राहिला, तर शस्त्रक्रिया उत्तम होऊनही पाय सावरायला फार काळ लागतो. म्हणून शस्त्रक्रियेआधीचे आठवडे मोलाचे. हे शहाणपण कसे घडत गेले, त्याचा हा धागा. 🧵

२/ १९४५. शिकागोचे गार्डिनर लष्करी रुग्णालय. महायुद्धातून परतलेल्या जखमी सैनिकांचे पाय महिनोन्‌महिने बळ धरत नव्हते. थॉमस डीलॉर्म हा तरुण डॉक्टर स्वतः वजने उचलणारा. त्याने हलक्या हालचालींऐवजी पायाला लोखंडी वजन बांधले, ते मोजले आणि टप्प्याटप्प्याने वाढवत नेले. आजच्या फिजिओथेरपीचा हा एक पाया.

३/ हा व्यायाम इजेनंतरचा होता. ताण येण्यापूर्वीच शरीर घडवावे, हा विचार १९४६ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये ‘प्रीहॅबिलिटेशन’ या नावाने आला. संदर्भ ब्रिटिश सैन्यभरतीचा: दुबळ्या उमेदवारांना आहार आणि व्यायामाने तयार करण्याचा. शस्त्रक्रियेच्या रुग्णांपर्यंत तो पुढील दशकांत पोहोचला.

४/ आता तेच काम मोबाइलवर आले आहे. चित्रफीत व्यायाम दाखवते, रुग्ण वेदना नोंदवतो आणि दूरवरचा तज्ज्ञ पुढचा टप्पा ठरवतो. सूत्र मात्र डीलॉर्मचेच: मोजा, वाढवा, लक्ष ठेवा.

५/ या साधनाची खरी गरज कुठे? १९८२ साली चंद्रपूरमधून वेगळ्या झालेल्या गडचिरोलीसारख्या वनजिल्ह्यात. पर्लकोटेच्या पुलावरून पाणी वाहू लागले की भामरागडचा रस्ता तुटतो. तिथल्या रुग्णाने दर आठवड्याला नागपूर कसे गाठावे? पण जिथे रस्ता तुटतो, तिथे नेटवर्कचा भरवसा कोण देणार? आणि सूचना माडिया बोलीत नसतील, तर त्या कोणासाठी?

६/ उत्तराची दिशा याच जिल्ह्याच्या इतिहासात आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९५ पासून ३९ गावांतील स्त्रियांना नवजात बालकांच्या घरगुती उपचारांचे प्रशिक्षण दिले. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले: नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला. पुढे ही पद्धत ‘आशा’ कार्यकर्त्यांमार्फत देशभर गेली.

७/ विषय निराळा, धडा एकच. रुग्णालय दूर असेल, तर उपचाराचे ज्ञान घरापर्यंत न्यावे लागते आणि ते नेणारे माणूस गावातलेच असावे लागते. चित्रफीत फोनमध्ये साठवता येईल. पण गुडघा पुरता सरळ झाला की नाही, हे शेजारी बसून पाहणारे कोणीतरी हवेच.