कायदा बदलला, ठाण्यातली वही कधी बदलते? बारामती-इंदापूरचा दीडशे वर्षांचा अनुभव

आजचा विषय ऐकून काही जणांनी आधीच विचारलं, पोलिसांच्या नियमावलीत इतिहास तो काय असणार? आमचं म्हणणं असं, की आहे, आणि तो आपल्याच दोन तालुक्यांत सापडतो.

सुरुवात अगदी अलीकडच्या तारखेपासून करू. १ जुलै २०२४. त्या दिवसापासून भारतीय दंड संहिता गेली आणि भारतीय न्याय संहिता आली. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली, आणि १८७२ च्या पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम. खुनाचं ३०२ आता १०३ झालं. फसवणुकीचं ४२० आता ३१८ मध्ये गेलं. जमावबंदीचं १४४ आता १६३ आहे. पण बारामतीच्या एसटी स्टँडवर आजही कुणी कुणाला 'तीनशे अठरा' म्हणत नाही, 'चारशेवीस'च म्हणतं. लोकांच्या तोंडातला आकडा बदलायला एक पिढी जाते, त्यात काही बिघडत नाही. ठाण्यातल्या वहीतला आकडा आणि वागणूक मात्र त्याच दिवशी बदलावी लागते. ती बदलते का, कशानं बदलते आणि कशानं अडते, एवढंच आज आपण बघणार आहोत.

आता मागे जाऊ, सुप्याला. आजच्या बारामती तालुक्यातलं, तेव्हाच्या भीमथडी तालुक्यातलं सुपे. १२ मे १८७५ रोजी तिथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर, दुकानांवर चाल केली आणि खतं, दस्तऐवज, वह्या जाळल्या. लोण इंदापूर, शिरूर आणि पलीकडे नगर जिल्ह्यात गेलं. लष्कर आलं, गावागावांत पोलीस चौक्या बसल्या, ९५१ माणसं धरली गेली. हेच ते दख्खनचे दंगे.

तेव्हाचे पोलीस कोणत्या कायद्यानं चालत होते? मुंबई इलाख्यात १८६७ साली दोन कायदे झाले होते, एक जिल्हा पोलिसांचा आणि दुसरा गाव पोलिसांचा. म्हणजे सुप्याच्या दंग्यावेळी नवी व्यवस्था जेमतेम आठ वर्षांची होती. वर जिल्ह्याचा सुपरिंटेंडेंट, खाली गावचा वतनदार पाटील. कायदा नवा, पण गावात तो राबवणारा माणूस पिढीजात.

दंग्यांनंतर चौकशी आयोग बसला आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला, पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांसाठी. कर्जाच्या पैशासाठी शेतकऱ्याला अटक करणं त्यानं बंद केलं. त्यातली दुसरी तरतूद आम्हाला जास्त महत्त्वाची वाटते. गावपातळीवर निबंधक नेमायचे, कर्जाचा दस्त त्यांच्यासमोर व्हायचा, आणि दस्तात काय लिहिलंय ते शेतकऱ्याला समजलंय याची खात्री निबंधकानं करायची. म्हणजे बघा, कायदा नुसता छापून पाठवला नाही, त्याच्यासोबत एक माणूस बसवला. कायद्यात उणिवा होत्याच, सावकारांनी पळवाटाही काढल्या. पण ही गोष्ट ध्यानात ठेवा, ती पुढे पुन्हा लागणार आहे.

आता दुसरी हकीकत, उलट्या टोकाची. १८७१ मध्ये इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला. १९११ च्या कायद्यानं तो मुंबई इलाख्यालाही लागू झाला. जन्मानंच गुन्हेगार ठरवलेल्या जमाती, त्यांची नोंदवही, ठाण्यात किंवा पाटलाकडे हजेरी, विनापरवाना गाव सोडायचं नाही. इंदापूर ओलांडून सोलापूरला गेलं की तारेच्या कुंपणातली सेटलमेंट होती. तो भाग आजही त्याच नावानं ओळखतात.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा देशभर रद्द झाला. या जमाती विमुक्त झाल्या. पण १९५९ मध्ये मुंबई राज्यानं सराईत गुन्हेगारांचा कायदा केला. कागदावर फरक मोठा होता, आता जमात नव्हे, तर व्यक्ती आणि तिच्या शिक्षा बघायच्या. पण ठाण्यातल्या याद्या, बीटवरच्या हवालदाराची सवय आणि 'चोरी झाली की आधी पारध्याच्या पालावर जा' ही समजूत, यांना रद्द करणारं कलम कुठेच नव्हतं. कायदा गेला, यादी राहिली.

मधल्या काळात पाटीलही बदलला. १ जानेवारी १९६३ पासून वंशपरंपरागत पाटीलकी संपली, आणि १९६७ च्या महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियमानं नेमणुकीचा पोलीस पाटील आला. इथे कायद्यानं माणूसच बदलला, म्हणून हा बदल गावाला दिसला.

मग येतं १९९६. १८ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयानं डी. के. बसू प्रकरणात निकाल दिला. अटक करताना काय करायचं याचे अकरा आदेश दिले. पोलिसाच्या अंगावर नावाची पट्टी हवी. अटकेचा मेमो करायचा आणि त्यावर साक्षीदाराची सही घ्यायची. नातेवाइकाला कळवायचं, दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी करायची, वकिलाला भेटू द्यायचं. आणि हे आदेश प्रत्येक ठाण्यात ठळक जागी लावायचे.

त्यानंतर दीड वर्षानं, १९९८ मध्ये, आपल्या बारामतीत एका पारधी मजुराचा पोलीस कोठडीत मृत्यू झाला. आम्ही त्याचं नाव इथे घेत नाही, घरची माणसं अजून आहेत. त्याच वर्षाच्या सुरुवातीला बंगालमध्ये पुरुलियात एका शबर तरुणाचा असाच कोठडीत मृत्यू झाला होता. महाश्वेता देवी, गणेश देवी आणि आपले लक्ष्मण गायकवाड यांनी त्याच साली विमुक्तांच्या हक्कांसाठी संघटना उभी केली, आणि बारामतीचं नाव देशभर या संदर्भात घेतलं जाऊ लागलं. अहमदाबादच्या छारानगरातल्या बुधन थिएटरनं त्यावर नाटकही केलं. आपल्या गावाचं नाव साखर, दूध, शिक्षण यासाठी घेतात तेव्हा आपल्याला बरं वाटतं. हेही आपल्याच गावाचं नाव आहे.

हा इतिहास आम्ही कुणाला दोषी ठरवायला सांगत नाही, ते न्यायालयाचं काम. आमचा प्रश्न वेगळा आहे. निकाल होता, आदेश होते, ते भिंतीवर लावायचे हुकूमही होते. मग अडलं कुठे? आमच्या मते, दोन ठिकाणी. एक, जुनी समजूत वहीत तशीच होती. दोन, अटकेतला माणूस कुठे आहे, त्याच्या घरी कळवलं का, याचं उत्तर नावानिशी कुणी द्यायचं, हे ठाण्यात ठरलेलं नव्हतं. १८७९ च्या कायद्यानं निबंधक नावाचा माणूस बसवला होता. १९९६ चा आदेश भिंतीवर बसला.

हे फक्त आपल्याकडेच झालं असं नाही. पालघरला २०१२ मध्ये फेसबुकवरच्या मजकुरासाठी दोन तरुणींना अटक झाली, माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६अ कलमाखाली. २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं ते कलमच रद्द केलं. तरी २०२१ मध्ये त्याच न्यायालयाला समजलं, की देशात अजून त्या कलमाखाली गुन्हे नोंदवले जातायत. सहा वर्षं मेलेलं कलम चालू होतं! कारण निकाल दिल्लीत, आणि एफआयआर लिहिणाऱ्या अंमलदाराच्या हातातलं पुस्तक जुनं.

कागदाचा प्रवास बघा ना. राजपत्र निघतं. पोलीस महासंचालक कार्यालयाचं परिपत्रक निघतं. ते पुणे ग्रामीणच्या अधीक्षकांकडे येतं, तिथून बारामतीच्या उपविभागीय अधिकाऱ्यांकडे, तिथून वडगाव निंबाळकर, भिगवण, वालचंदनगर, इंदापूर अशा ठाण्यांत, आणि शेवटी रात्रपाळीच्या ठाणे अंमलदारापर्यंत. मधल्या कुठल्याही टेबलावर तो फायलीत लागला, की कायदा तिथेच थांबला.

आणि आत्ता तर ठाण्याला दोन पुस्तकं सांभाळावी लागतायत. ३० जून २०२४ पर्यंत घडलेला गुन्हा जुन्या दंड संहितेनं, त्यानंतरचा नव्यानं. फिर्याद उद्या आली तरी गुन्हा कधी घडला ते बघायचं. हे काही वर्षं चालणार. अंमलदारावर हा भार खरा आहे, तो हसण्यावारी नेऊ नये.

नव्या संहितेत आपल्या भागाला लागू पडणाऱ्या दोन गोष्टी सांगतो. कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, फिर्याद कुठल्याही ठाण्यात देता येते. यालाच लोक झिरो एफआयआर म्हणतात. गळीत हंगामात बीडहून इंदापूरच्या फडात आलेल्या बाईवर गावाकडे अन्याय झाला असेल, तर 'तुमच्या हद्दीत जा' असं तिला इथून परत पाठवता येत नाही. हे कलम तिला माहीत असण्याआधी अंमलदाराला माहीत असलं पाहिजे.

दुसरं, कलम ३७. अटक केलेल्यांची नावं, पत्ते आणि गुन्ह्याचं स्वरूप यांची माहिती ठेवण्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात आणि प्रत्येक ठाण्यात एक अधिकारी नेमायचा, सहायक उपनिरीक्षकापेक्षा खालच्या दर्जाचा नको, आणि ती माहिती ठळक लावायची. १९९६ चा आदेश २८ वर्षांनी असा माणसापर्यंत पोचला. आणि वहीचं काय? मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हिस्ट्रीशीटबद्दल सांगितलं, की मागास आणि विमुक्त समाजातल्या निरपराध माणसांची नावं त्यात यांत्रिकपणे चढता कामा नयेत, राज्यांनी आपले नियम तपासावेत. १९५२ ला राहून गेलेलं काम ते हेच.

तर सुप्यापासून इथवर एकच गोष्ट दिसते. कायद्यासोबत जबाबदार माणूस नेमला आणि जुनी यादी तपासली, तरच कायदा ठाण्यात शिरतो. नाहीतर तो दारावरच्या पाटीत राहतो.

जाता जाता एक विनंती. पुढच्या वेळी पासपोर्टच्या कामाला किंवा हरवलेल्या मोबाइलच्या तक्रारीला ठाण्यात जाल, तेव्हा भिंतीवरचा फलक वाचा. कलम ३७ चा अधिकारी कोण, ते सौजन्यानं विचारा. विचारणारं कुणी आहे हे कळलं, की परिपत्रकही फायलीतून लवकर बाहेर येतं.