दक्षिणेपासून फेलोशिपपर्यंत : पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या अध्यापनदीक्षेचा एक अध्याय

उच्च शिक्षणाच्या इतिहासात विद्यापीठांची स्थापना, अभ्यासक्रम आणि परीक्षा यांचे विवेचन पुष्कळ आढळते. परंतु पदवी संपादन करणारा विद्यार्थी अध्यापक कसा होतो, त्या व्यवसायाची दीक्षा त्याला कोठे व कोणाकडून मिळते, या प्रश्नाकडे इतिहासकारांचे लक्ष क्वचितच गेले आहे. मुंबई इलाख्यात या प्रश्नाचे एक उत्तर एकोणिसाव्या शतकाच्या मध्यासच सापडले होते. ते म्हणजे ‘दक्षिणा फेलोशिप’ होय.

या संस्थेचे मूळ धर्मदायात आहे. सेनापती खंडेराव दाभाडे यांनी तळेगावी सुरू केलेला श्रावणमासातील दक्षिणेचा प्रघात पुढे पेशव्यांनी पुण्यास चालविला. पेशवाईच्या अस्तानंतर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी तो एकदम बंद केला नाही. मात्र रकमेला मर्यादा घातली आणि तिचा ओघ विद्येकडे वळविण्याचे धोरण आखले. त्या धोरणातूनच 1821 मध्ये विश्रामबाग वाड्यात संस्कृत पाठशाळा उघडली. कालांतराने दक्षिणेच्या यादीत नवी नावे घालणे थांबले व जुने धारक निवर्तत गेले. त्यामुळे फंडात शिल्लक पडू लागली. या शिलकेवर हक्क कोणाचा, हा वाद मग अपरिहार्यच होता.

1849 मध्ये पुण्यातील सुधारक तरुणांनी सरकारकडे अर्ज करून या रकमेचा काही भाग मराठी ग्रंथरचनेस द्यावा अशी मागणी केली. गोपाळ हरी देशमुख या चळवळीत अग्रभागी होते. सनातनी पक्षाने तीव्र विरोध केला, तथापि मागणी अंशतः मान्य होऊन 1851 मध्ये दक्षिणा प्राइझ कमिटी अस्तित्वात आली. जन्माने मिळणारे दान कर्तृत्वाने मिळणाऱ्या पारितोषिकात रूपांतरित होऊ लागले, ही या घटनेची महत्त्वाची बाजू. परंतु तिला दुसरीही बाजू आहे. जोतीराव फुले यांचे ‘तृतीय रत्न’ हे नाटक 1855 मध्ये याच कमिटीपुढे आले आणि ते नाकारले गेले. निकष बदलला, तरी निकष लावणारे हात पुष्कळ अंशी पूर्वीचेच राहिले.

1857 मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाल्यावर याच फंडातून महाविद्यालयांत फेलो नेमण्याची पद्धत सुरू झाली. फेलो हा एकाच वेळी विद्यार्थी आणि शिक्षक असे. स्वतः उच्च परीक्षेचा अभ्यास करावयाचा, आणि त्याचबरोबर खालच्या वर्गांना शिकवावयाचे. या जोडकामातच या योजनेचे मर्म आहे. केवळ वेतन दिले असते तर ते दानच राहिले असते. वेतनाला कर्तव्य जोडल्यामुळे ते व्यवसायशिक्षण झाले.

रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे याचे सर्वोत्तम उदाहरण. 1859 ची पहिली प्रवेश परीक्षा उत्तीर्ण करून ते दक्षिणा फेलो झाले. पुण्यास असताना त्यांनी शास्त्र्यांपाशी संस्कृत शास्त्रांचे अध्ययन केले आणि त्याच काळात आधुनिक पद्धतीने अध्यापनही केले. 1862 च्या पहिल्या चार पदवीधरांत त्यांचे नाव आहे. 1864 मध्ये त्यांचे संस्कृतचे पहिले पाठ्यपुस्तक प्रसिद्ध झाले. पाठशाळेतील व्याकरण इंग्रजी शाळेतील विद्यार्थ्याला समजेल अशा क्रमाने मांडण्याची दृष्टी त्या पुस्तकात आहे, आणि दोन्ही वर्गांत वावरलेल्या माणसालाच ती लाभू शकते. 1877 च्या विल्सन भाषाशास्त्रीय व्याख्यानांतही हाच दुहेरी संस्कार दिसतो.

महादेव गोविंद रानडे हेही फेलो होते. मराठी राज्य आणि इंग्रजी राज्य यांची तुलना करणारा त्यांचा एक निबंध प्राचार्य अलेक्झांडर ग्रँट यांना रुचला नाही व त्यांची शिष्यवृत्ती काही काळ थांबविण्यात आली, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. आश्रयावर वाढणाऱ्या विद्येला आश्रयदात्याची मर्यादा सांभाळावी लागते, हे पेशवाईत जितके खरे होते तितकेच कंपनीनंतरच्या अमलातही खरे ठरले.

परंतु फेलोशिपचे खरे वैगुण्य याहून खोल होते. तिने अध्यापक घडविले, पण घडलेल्या अध्यापकांना स्थान देण्याची हमी तिच्यात नव्हती. एल्फिन्स्टन कॉलेजात संस्कृतचे हंगामी प्राध्यापक म्हणून काम केल्यानंतरही भांडारकरांना ती जागा कायम मिळाली नाही. 1873 मध्ये तेथे पीटर पीटर्सन आले. कीलहॉर्न यांच्यानंतर डेक्कन कॉलेजातील प्राध्यापकपद भांडारकरांकडे आले तेव्हा 1882 साल उजाडले होते. फेलोशिप आणि हे पद यांत वीस वर्षांहून अधिक अंतर पडले. रानडे यांनी एल्फिन्स्टन कॉलेजात काही काळ इंग्रजी शिकविले व 1871 मध्ये ते न्यायखात्यात गेले. देशाला थोर न्यायाधीश लाभला. महाविद्यालयाने मात्र एक सिद्ध अध्यापक गमावला. 1896 च्या पुनर्रचनेत शिक्षणखात्याची वरिष्ठ सेवा प्रामुख्याने विलायतेत नेमलेल्यांसाठी व प्रांतिक सेवा एतद्देशीयांसाठी, अशी विभागणी होऊन या विषमतेला नियमाचे रूप आले.

या पार्श्वभूमीवर डेक्कन कॉलेजातून बाहेर पडलेल्या तरुणांच्या उद्योगाचे महत्त्व अधिक स्पष्ट होते. 1880 चे न्यू इंग्लिश स्कूल, 1884 ची डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि 1885 चे फर्ग्युसन कॉलेज यांमागील प्रेरणा राष्ट्रीय शिक्षणाची होती, नोकरीची नव्हे. तथापि त्यांचा एक परिणाम असा झाला की, येथील पदवीधराला शिकविण्याचीच नव्हे, तर महाविद्यालय चालविण्याचीही संधी लाभली. 1892 मध्ये गोपाळ गणेश आगरकर फर्ग्युसनचे प्राचार्य झाले, ते याच परंपरेतून.

दक्षिणेच्या या दीर्घ प्रवासातून तीन गोष्टी निष्पन्न होतात. शिष्यवृत्तीला अध्यापनाची जबाबदारी जोडली म्हणजे विद्यार्थी व्यवसायात प्रवेश करतो. निवड करणाऱ्यांचे वर्तुळ अरुंद असेल, तर गुणाचा निकषही अपुरा पडतो. आणि शेवटची गोष्ट अशी की, पुढे पद नसेल तर उत्तम दीक्षाही उमेदवारीच राहते. संशोधक विद्यार्थ्यासाठी आखलेली कोणतीही योजना तपासताना तिची रक्कम किती, हे प्रथम विचारले जाते. त्याआधी ती कोणाला मिळते आणि ती संपल्यावर तो कोठे जातो, हे विचारणे अधिक उचित होय.