हेल्मेटवरचा लाल क्रॉस

अमेरिकेत नोकरीला असताना एका रविवारी जुन्या वस्तूंच्या बाजारात मी दुसऱ्या महायुद्धातलं म्हणून एक पोलादी हेल्मेट विकत घेतलं. पुढच्या बाजूला पांढऱ्या गोलात लाल क्रॉस रंगवलेला. "इवो जिमाच्या लढाईतल्या नौदलाच्या मेडिकचं आहे," विकणारा म्हणाला. मी घासाघीससुद्धा केली नाही.

घरी येऊन मात्र सवयीने तपासायला बसलो. बग शोधताना आपण कोडमधल्या कमेंटवर विश्वास ठेवत नाही, कोड प्रत्यक्षात काय करतो ते बघतो. तसंच इथेही करायचं ठरवलं.

अमेरिकेच्या मरीन दलाकडे स्वतःचे मेडिक नसतात. ते नौदल पुरवतं, त्यांना 'कोअरमन' म्हणतात. पॅसिफिकच्या लढायांत जपानी सैनिक मेडिकना हेरून टिपतात हे लक्षात आल्यावर अनेक कोअरमननी लाल क्रॉस काढून टाकले आणि स्वतः शस्त्रं बाळगायला सुरुवात केली. म्हणजे ज्या क्रॉसमुळे मी भाळलो, तोच पहिला संशय.

दुसरा पुरावा हेल्मेटच्या काठावर होता. 'एम-वन' हेल्मेटच्या काठाला धातूची पट्टी असते. तिचा जोड आधी पुढे यायचा, १९४४च्या अखेरीस तो मागे गेला. माझ्या हेल्मेटचा जोड मागे आहे. इवो जिमावर सैन्य उतरलं १९ फेब्रुवारी १९४५ला. इतक्या थोड्या दिवसांत कारखान्यातून निघून ते त्या बेटावर पोचलं असेल, हे पटण्यासारखं नाही.

पैसे गेले. पण पुढे वाचताना कळलं की अशीच चूक अख्ख्या देशाने केली होती.

२३ फेब्रुवारी १९४५ला जो रोझेंथालने सुरिबाची डोंगरावर झेंडा उभारणाऱ्या सहा जणांचा फोटो काढला. तो तुम्हीही पाहिला असेल. त्यातला एक जण कोअरमन जॉन ब्रॅडली, असं जवळपास ७० वर्षं मानलं गेलं. त्यावर पुस्तक आलं, क्लिंट ईस्टवूडचा सिनेमा आला. मग दोन हौशी अभ्यासकांनी त्या दिवशीचे इतर फोटो शेजारी ठेवून फक्त सामान बघितलं. ब्रॅडलीची पँट खाली दुमडलेली आणि कमरेला पिस्तुलाचा पट्टा. प्रसिद्ध फोटोतल्या माणसाची पँट सरळ, कमरेला रायफलच्या काडतुसांचा पट्टा आणि त्याला लटकलेली तारा कापायची पक्कड. हेल्मेटखाली टोपीचा काठही दिसतो. मेडिकचं सामान असं नसतं. २०१४मध्ये ही शंका वर्तमानपत्रात छापून आली. जून २०१६मध्ये मरीन दलाने चूक मान्य केली.

ब्रॅडलीच्या जागी होता फ्रँकलिन सौस्ली. आणि सौस्लीची समजली जाणारी जागा होती हॅरल्ड शुल्ट्झची. शुल्ट्झने लॉस एंजेलिसच्या पोस्टात नोकरी केली आणि १९९५मध्ये तो वारला. आपलं नाव त्या फोटोला लागलेलं त्याने पाहिलंच नाही.

मग ब्रॅडली कमी ठरला का? अजिबात नाही. त्याच सकाळी डोंगरावर आधी लावलेल्या लहान झेंड्यापाशी तो होता. त्याच्याही दोन दिवस आधी, २१ तारखेला, गोळीबारातून धावत तो एका जखमी मरीनपाशी पोचला. रायफल वाळूत उभी रोवून तिला प्लाझ्मा बांधला आणि उपचार चालू ठेवले. त्यासाठी त्याला 'नेव्ही क्रॉस' मिळाला. घरी त्याने हे कधी सांगितलं नाही. १९९४मध्ये तो गेल्यावर मुलांना कळलं. आपण मात्र तो झेंड्याच्या फोटोत नसताना त्याला तिथे उभं केलं, आणि जिथे तो खरोखर होता ती जागा फारशी कोणाला ठाऊक नव्हती.

हेल्मेट मी टाकलं नाही. आत एक चिठ्ठी चिकटवली आहे: '१९४४च्या अखेरीचं किंवा नंतरचं. क्रॉस कधी रंगवला, माहीत नाही. कोणाचं, माहीत नाही.' उद्या ते दुसऱ्या कोणाकडे गेलं, तर चिठ्ठीसकट जाईल.