न दिसणाऱ्या डिस्कचा इतिहास

नव्या संगणकात विंडोज टाकायला घ्यावी आणि सेटअपने ‘हार्ड डिस्क सापडली नाही’ असे सांगावे, ही तक्रार संगणक दुरुस्तीच्या धंद्यात तीनचार दशके जुनी आहे. डिस्क खराब निघाली, असे ग्राहकाला पहिल्यांदा वाटते. पण या तक्रारीचा इतिहास पाहिला तर बहुतेक वेळा डिस्क ठणठणीत असते, असेच दिसते. सेटअप एका तारखेला तयार होऊन तिथेच थांबलेला असतो आणि यंत्र मात्र पुढे गेलेले असते. दोघांमध्ये ड्रायव्हर नावाचा दुभाष्या लागतो. तो कोणी पुरवायचा, हे दर पिढीत नव्याने अनिर्णित राहत आले. ही तक्रार त्या अनिर्णयातून जन्माला येते.

आयबीएमने 1983 साली 10 एमबीची हार्ड डिस्क असलेला पीसी एक्सटी आणला. पुढच्या वर्षीच्या पीसी एटीमध्ये डिस्कचा ‘टाइप’ क्रमांक सेटअपमध्ये भरून ठेवावा लागे. बोर्डावरची बॅटरी संपली की हा क्रमांक पुसला जाई आणि धडधाकट डिस्क यंत्राला अनोळखी होई. पुढे डिस्क स्वतःची माहिती स्वतःच सांगू लागल्या आणि बायोसमध्ये ‘ऑटो डिटेक्ट’ आले. मग अडचण मोजमापाची झाली. जुन्या बायोसची मजल सुमारे 528 एमबीपर्यंतच होती. नंतर ही मर्यादा 137 जीबीवर येऊन अडली. 2001 सालच्या मूळ विंडोज एक्सपीला त्यापलीकडची जागा दिसत नसे. ती पहिल्या सर्व्हिस पॅकनंतर दिसू लागली. म्हणजे एकच डिस्क एका सीडीने अर्धवट दाखवली आणि वर्षभराने निघालेल्या सीडीने पूर्ण दाखवली. डिस्कमध्ये तसूभरही बदल झाला नव्हता.

याच काळात मुंबईचा लॅमिंग्टन रोड, म्हणजे कागदोपत्रीचा डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, रेडिओच्या सुट्या भागांकडून संगणकाच्या सुट्या भागांकडे वळला होता. बोर्ड एका कंपनीचा, डिस्क दुसऱ्या कंपनीची आणि विंडोज तिसऱ्याच कंपनीची, असा असेम्बल केलेला संगणक घरोघरी गेला. ब्रँडेड यंत्रात हे तिन्ही जुळवून देणे कंपनीचे काम असे. असेम्बल यंत्रात ते जोडणाऱ्याच्या अंगावर येई. रुंद पट्टीची केबल, डिस्कच्या पाठीमागचा इवलासा जंपर, एका केबलवर एक ‘मास्टर’ आणि एक ‘स्लेव्ह’ हा नियम: यातली एक गोष्ट चुकली तरी दोन्ही डिस्क गायब होत. ही विद्या कोणत्याही पदविकेत शिकवलेली नव्हती. कारागिरांनी ती हातांनी कमावली होती.

खरी कसोटी साटा डिस्कने लावली. 2003 नंतर साटा आली आणि 2004 साली तिच्यासाठी एएचसीआय ही नवी पद्धत ठरली. बाजारातली एक्सपी मात्र मुळात 2001 ची होती. सेटअप सुरू झाला की निळ्या पडद्याच्या तळाशी काही क्षण एक ओळ येई: वेगळा स्कझी किंवा रेड ड्रायव्हर द्यायचा असेल तर एफ6 दाबा. तेवढ्यात कळ दाबली नाही तर संधी गेली. दाबली तर ड्रायव्हर फ्लॉपीतूनच मागितला जाई आणि नेमके त्याच वेळी नव्या लॅपटॉपमधून फ्लॉपी ड्राइव्ह हद्दपार होत होता. कारागिरांनी दोन वाटा काढल्या. बायोसमध्ये साटा ‘आयडीई’ मोडवर टाकायची, नाही तर एनलाइटसारख्या साधनाने ड्रायव्हर मिसळून नवी सीडी बनवायची. व्हिस्टाच्या सेटअपमध्ये एएचसीआयचा ड्रायव्हर आला आणि हा पेच सुटला. पण 2009 च्या विंडोज 7 ला 2011 मध्ये ठरलेली एनव्हीएमई पद्धत कळेना, आणि तीच गोष्ट पुन्हा घडली.

इथे एक रास्त आक्षेप येतो. 2020 मध्ये इंटेलने अकराव्या पिढीच्या लॅपटॉप प्रोसेसरांत डिस्कचा कारभार स्वतःकडे घेणारे व्हीएमडी आणले. विंडोज 11 त्यानंतरचे, 2021 चे. तरी अशा अनेक लॅपटॉपवर त्याचा सेटअप ‘एकही ड्राइव्ह सापडला नाही’ असे म्हणून ‘लोड ड्रायव्हर’कडे बोट दाखवी. मग तारखेचा मुद्दा कुठे राहिला? आक्षेप खरा आहे आणि त्यामुळेच माझ्या म्हणण्याचा दुसरा भाग ठळक होतो. नुसते वय पुरेसे कारण नाही. दुभाष्या कोणी आणायचा हे ठरलेले नसणे, हे त्याहून मोठे कारण आहे. इंटेल तो ड्रायव्हर स्वतंत्रपणे देते, आणि त्याच्या फाइलच्या नावात आजही ‘एफ6’ आणि फ्लॉपीचे आखूड रूप आहे. फ्लॉपी गेली, पण जबाबदारीची जुनी वाटणी राहिली. दोष एकट्या मायक्रोसॉफ्टचाही नाही, कारण इंटेलची आरएसटी ही डिस्क हाताळणारी व्यवस्था चालू असेल तर उबुंटूचा सेटअपही आधी ती बंद करायला सांगतो.

दुसरा आक्षेप असा की केबल सैल असते, डिस्क मरतेही, मग इतिहासाचा काय उपयोग? उपयोग तपासाचा क्रम ठरवण्यात आहे. आधी बायोसमध्ये पाहावे. तिथेच डिस्क नसेल तर केबल, वीजपुरवठा, स्लॉट किंवा डिस्क यांचा विचार करावा. एम.2 स्लॉट फक्त एनव्हीएमईचा असेल तर साटाची पट्टी तिथे बसूनही दिसत नाही. बायोसमध्ये डिस्क आहे आणि सेटअपमध्ये नाही, तर दुभाष्या हवा. त्यासाठी निर्मात्याच्या संकेतस्थळावरचा ड्रायव्हर पेन ड्राइव्हवर घ्यावा. मोड बदलून एएचसीआय करणे सोपे वाटते, पण डिस्कवर आधीचे विंडोज असेल तर ते त्यानंतर सुरूच न होण्याचा धोका असतो, आणि दोन डिस्क एकत्र बांधणारी रेड असेल तर ती विस्कटू शकते. म्हणून मूळ सेटिंग टिपून ठेवावे आणि डेटाची प्रत आधी घ्यावी.

हा इतिहास कालबाह्यही झालेला नाही. उदाहरणार्थ, बडोद्याजवळच्या सावली तालुक्यात मंजुसरची औद्योगिक वसाहत आहे आणि मेट्रोचे डबे बांधणारा कारखाना आहे. अशा कोणत्याही वसाहतीत एखाद्या यंत्राचे सॉफ्टवेअर एक्सपीवरच चालत असेल आणि त्याचा संगणक बंद पडला, तर नव्या बोर्डावर जुनी सीडी घालणाऱ्याला 2004 सालचाच प्रश्न सोडवावा लागतो. एफ6 माहीत असलेला माणूस त्या दिवशी उत्पादन वाचवतो.

म्हणून लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारांनी जमवलेले हे ज्ञान मराठीत नोंदवले गेले पाहिजे. त्याला ‘जुगाड’ म्हणून मोडीत काढणे अन्यायाचे आहे, कारण दोन मोठ्या कंपन्यांनी सोडलेली फट याच कारागिरांनी वर्षानुवर्षे बुजवली. आणि कंपन्यांकडे मागणी स्पष्ट हवी: डिस्क ओळखणारा ड्रायव्हर यंत्रासोबतच आला पाहिजे. तो शोधून आणण्याचा भार विकत घेणाऱ्यावर टाकणे चाळीस वर्षांनंतर तरी थांबले पाहिजे.