तळ्याच्या शांततेचा दावा

अठराव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडातील एसेक्स परगण्यात सॅम्युएल कीबल या गृहस्थाने आपल्या कुरणातील तळ्यावर रानबदके धरण्याचा धंदा चालविला होता. हिकरिंगिल नामक त्याच्या शेजाऱ्याने, तळ्यावर उतरलेली पाखरे उठून जावीत एवढ्याच हेतूने, बंदुकांचे बार काढले आणि हा तंटा वरिष्ठ न्यायालयापर्यंत गेला. १७०७ साली सरन्यायाधीश होल्ट यांनी कीबलच्या बाजूने निकाल दिला व वीस पौंडांची भरपाई कायम केली. एखाद्या शाळेशेजारी कोणी नवी शाळा काढून विद्यार्थी ओढून नेले तर त्याविरुद्ध दाद मागता येणार नाही, परंतु शाळेच्या वाटेवर बंदूक घेऊन बसून कोणी मुलांना भिववले तर अवश्य मागता येईल, असा त्यांचा युक्तिवाद होता. पाणपक्ष्यांच्या विश्रांतीत व्यत्यय आणणे हा दाव्याचा विषय होऊ शकतो हे तत्त्व अशा रीतीने कायद्याच्या दप्तरी दाखल झाले, आणि दाखल झाले ते पक्षी मारणाऱ्याच्या फिर्यादीवरून!

हा धंदा मूळचा हॉलंडचा. सतराव्या शतकात तो इंग्लंडात आला. दुसऱ्या चार्ल्सने तर लंडनमध्ये सेंट जेम्स बागेतच असे तळे करवून घेतले. चोहोबाजूंनी दाट झाडी राखलेले लहानसे तळे, त्याच्या कोपऱ्यांतून निघणारे आणि वळण घेत निमुळते होत जाणारे चर, त्या चरांवर कमानी रोवून ताणलेले जाळे आणि अगदी टोकाला काढता-घालता येणारी जाळ्याची पिशवी, अशी त्याची रचना असे. चर एकाहून अधिक ठेवीत, कारण माणसाचा वास बदकांकडे जाऊ नये म्हणून वारा पाहून चर निवडावा लागे. एवढ्यानेही समाधान न होऊन राखणदार पीटचा, म्हणजे दलदलीतल्या जळाऊ मातीचा, जळता तुकडा तोंडापाशी धरून आपला श्वास त्या धुरात मिसळीत असे. चराच्या काठाने बोरूच्या तट्ट्या तिरप्या, एकीआड एक उभ्या केलेल्या असत, आणि दोन तट्ट्यांच्या मधोमध कुत्र्याला उडी मारता येईल एवढीच ठेंगणी तट्टी असे.

या कुत्र्यावरच सारा खेळ अवलंबून होता. तो लहान, तांबूस, कोल्ह्यासारखा दिसणारा असावा असा दंडक होता. राखणदाराने बोटाने खूण करताच तो ठेंगण्या तट्टीवरून उडी मारून पाण्याच्या काठाशी क्षणभर दिसे, पुढच्या तट्टीआड नाहीसा होई आणि चराच्या आणखी आतल्या बाजूस पुन्हा प्रकट होई. भुंकायचे नाही, पाण्यात उतरायचे नाही, बदकांकडे पाहायचेही नाही, ही त्याची शिस्त. जमिनीवर विसावलेले बदक कुत्रा दिसताच उडून जाते. परंतु पाण्यात सुरक्षित असलेले तेच बदक, शत्रू नजरेआड होऊ नये या उपजत बुद्धीने, त्याच्या मागोमाग पोहत जाते. थवा जाळ्याखाली पुरेसा आत शिरला की राखणदार मागच्या बाजूने चरातल्या बदकांनाच दिसेल असा उभा राही. ती घाबरून पुढच्या उजेडाकडे झेपावत आणि पिशवीत सापडत. तळ्यावर तरंगणाऱ्या शेकडो बदकांना याची वार्ताही लागत नसे, आणि लागू नये यातच त्या कसबाचे सारे मर्म होते, कारण एकदा धास्तावलेले तळे मोसमभर ओस पडण्याचे भय असे.

लिंकनशायरमधील अ‍ॅशबी येथील तळ्याची नोंदवही उपलब्ध आहे. १८३३ ते १८६८ या अवधीत तेथे ९५,८३६ बदके धरली गेली, आणि त्यांत आपण थापट्या म्हणतो ती व तलवार बदकेही होती. हा आकडा वाचताना मन विषण्ण होते. तरी पस्तीस वर्षे एका लहानशा तळ्यावर थवे उतरतच राहिले, यावरून तेथे राखलेल्या निःशब्दतेची कल्पना येते.

पुढे पाणथळ मुलूख कोरडे करून नांगराखाली आले, बंदुका सुधारल्या, आणि एके काळी इंग्लंडात दोनशेच्या आसपास असलेली ही तळी एकामागून एक बंद पडली. उरलेल्यांचे भाग्य मात्र विलक्षण रीतीने पालटले. वेल्समधील ओरिएल्टन येथे १९३४ पासून धरलेल्या बदकांच्या पायांत वाळी घालून त्यांना सोडून देण्यात येऊ लागले. पीटरबरोजवळच्या बरो फेन येथे, जेथे एकाच घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या हा धंदा केला, तेथेही विसाव्या शतकाच्या मध्यास तेच काम सुरू झाले. बदके रशियापर्यंत जातात-येतात याचे पुरावे अशा वाळ्यांवरून हाती आले. सापळा तोच, कुत्र्याच्या उड्या त्याच. मान मुरगळणारा हात तेवढा बदलला.

हॉलंडात या तळ्यांच्या मालकांना एक जुना हक्क आहे. तळ्याच्या मध्यापासून मोजून एक वर्तुळ आखतात, कित्येक ठिकाणी त्याची त्रिज्या किलोमीटरहूनही अधिक भरते, आणि त्या हद्दीत बदकांना उठविण्याची कोणासही मुभा नसते. नोंदणी झालेल्या तळ्यांपुरता हा हक्क आधुनिक काळातही मान्य राहिला. अशी शांतता आपल्याकडेही हवी, कारण थापट्या आणि तलवार बदक हेच पाहुणे हिवाळ्यात आपल्या नांदूर मधमेश्वरला येतात. गोदावरी व कादवा यांच्या संगमापाशी इंग्रजी अमदानीत बांधलेल्या बंधाऱ्यामागे गाळ साचून जी दलदल झाली, ती १९८६ पासून अभयारण्य आहे आणि पुढे महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ ठरली. अभयारण्याची हद्द सरकारी कागदावर ठरलेली असते, पण मोकाट कुत्र्याला ती ठाऊक नसते. दिवसा विसावा घेऊन रात्री चरणाऱ्या आणि परतीच्या हजारो मैलांसाठी अंगी मेद साठविणाऱ्या बदकाला दुपारी चिखलावरून पुनःपुन्हा उठावे लागले, तर प्रत्येक उड्डाण त्या साठ्यातूनच खर्ची पडते. कीबलला आपल्या नफ्यासाठी शांततेचा दावा लावता आला. बदकांच्या वतीने तो लावण्याचे काम आता काठावरच्या गावांनी आणि वनखात्याने मिळून करायचे आहे, आणि त्याचा आरंभ गावातल्या कुत्र्यांच्या बंदोबस्तापासूनच व्हायला हवा.