दोनदा मायदेशी परतलेल्या बाई

जपानमध्ये जुलै २०२४ मध्ये आलेल्या पाच हजार येनच्या नोटेवर इंग्रजीच्या एका बाईंचं चित्र आहे. त्सुदा उमेको त्यांचं नाव. आपल्या तुकडीतले कितीतरी जण परदेशी गेले, काही परतलेही. म्हणून स्मरणिकेसाठी या बाईंविषयीच लिहावंसं वाटलं.

डिसेंबर १८७१ मध्ये जपान सरकारने इवाकुरा शिष्टमंडळाबरोबर पाच मुली शिकायला अमेरिकेला पाठवल्या. उमेको सर्वांत धाकटी. सात वर्षंही पुरी नव्हती. दोघी लवकरच परतल्या. उमेको मात्र वॉशिंग्टनच्या जॉर्जटाउन भागात लॅनमन दांपत्याच्या घरी अकरा वर्षं वाढली. १८८२ मध्ये मायदेशी आली तेव्हा मातृभाषा जवळजवळ विसरली होती. घरात बोलायलाही मध्ये कोणीतरी लागे. वडिलांना इंग्रजी येत होतं, एवढाच आधार.

सरकारने खर्च केला खरा, पण या मुली परतल्यावर त्यांना काम कोणतं द्यायचं, याचा विचार कोणी केलेला दिसत नाही. परदेशी शिकलेल्या पुरुषांना मात्र हुद्दे मिळत होते! बरोबरच्या दोघींची लग्नं झाली. उमेकोंजवळ इंग्रजी होतं. १८८५ पासून त्या सरदार-उमरावांच्या मुलींच्या शाळेत ते शिकवू लागल्या. तिथं त्यांचं मन रमलं नाही. त्या मुलींना इंग्रजी हवं होतं ते दागिन्यासारखं.

१८८९ मध्ये त्या पुन्हा अमेरिकेला गेल्या, ब्रिन मॉर कॉलेजात. (आपल्या आनंदीबाई जोशी ज्या फिलाडेल्फियात तीनच वर्षांपूर्वी डॉक्टर झाल्या, त्याच्याजवळच हे कॉलेज.) तिथं जीवशास्त्र शिकल्या. पुढे नोबेल मिळवणाऱ्या मॉर्गन यांच्याबरोबर बेडकाच्या अंड्यांवर संशोधन केलं. संशोधनात राहता आलं असतं. तरी १८९२ मध्ये परतल्या. मला हे दुसरं परतणं मोठं वाटतं. पहिलं ठरल्याप्रमाणे होतं, हे स्वतःच्या मर्जीचं.

१९०० मध्ये त्यांनी टोकियोत मुलींसाठी इंग्रजीची शाळा काढली. विद्यार्थिनी अवघ्या दहा. मुलींनी शिक्षिकेचा सरकारी परवाना मिळवावा आणि स्वतःच्या पायावर उभं राहावं, हा हेतू. १९०५ पासून इथल्या पदवीधरांना तो परवाना परीक्षेविना मिळू लागला. मुलींच्या शाळेला ही सवलत प्रथमच मिळाली. आजचं त्सुदा विद्यापीठ ते हेच.

लॅनमनबाईंना त्यांनी वर्षानुवर्षं लिहिलेली पत्रं १९८४ मध्ये त्याच संस्थेच्या माळ्यावर सापडली. आईला लिहावं तसं मनातलं त्यांत आहे, आणि ते सगळं इंग्रजीत.